ट्यूब म्हणजे लोणच्याची बरणी नव्हे



आपल्या घरांमधली एक रीत मला फार आवडते. एखादी चांगली गोष्ट आपल्याकडे एका घरात अडकून राहत नाही. कुणाचे खाखरे छान झाले, कुणी कैरी कडक उन्हात वाळवून लोणचं घातलं, की त्यातली एक बरणी शेजारी जाते, एक नणंदेकडे जाते. शिलाईवाली चांगली मिळाली, तिचा नंबर महिला मंडळात सगळ्यांकडे पोचतो. आयंबिलच्या ओळीत तर मुगाचा नवा पदार्थ सकाळी एकीने केला की संध्याकाळपर्यंत दहा जणींना तो माहीत असतो. या देवाणघेवाणीवर आपले संसार सोपे झाले आहेत.

पण याच रीतीने अलीकडे आणखी एक वस्तू घरोघर फिरताना मी पाहते आहे. मुरुमांची ट्यूब. "माझ्या मुलीला हिनेच फरक पडला, तूही लाव." ट्यूबचा फोटो ग्रुपवर येतो आणि दुपारपर्यंत चार जणी मेडिकलमध्ये तो फोटो दाखवून ट्यूब घेऊन येतात. ही देवाणघेवाण आपण थांबवली पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. का, ते आमच्या घरातल्या दोन मुलींच्या अनुभवावरून सांगते. एक माझी लेक आणि दुसरी माझ्या नणंदेची मुलगी.

लेक अकरावीत गेली आणि तिच्या गालांवर, कपाळावर मोठमोठे मुरूम आले. दुखायचे, पिकायचे आणि गेले की काळा डाग ठेवून जायचे. कॉलेजला जाताना ती ओढणीने तोंड बांधायची. आपल्या नाशिकच्या गाडीवर जाणाऱ्या सगळ्याच मुली बांधतात, पण ही कॉलेजमध्ये पोचल्यावरही सोडेना, तेव्हा मी तिला गंगापूर रोडवरच्याच एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरबाईंकडे नेलं.

त्यांनी आधी समजावून सांगितलं, ते मला फार उपयोगी पडलं. आपल्या त्वचेत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात. वयात येताना हार्मोन्समुळे त्या जास्त तेल सोडतात, छिद्रांच्या तोंडाशी मेलेल्या पेशी साचतात, आत जिवाणू वाढतात आणि सूज येते. म्हणजे मुरूम अस्वच्छतेने येत नाहीत आणि दिवसातून सहा वेळा तोंड धुतल्याने जातही नाहीत. उलट जास्त घासलं तर त्वचा चिडते.

मग चिठ्ठी लिहून दिली. रात्री अ‍ॅडॅपलीन ०.१ टक्के, सकाळी बेन्झॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के. अ‍ॅडॅपलीन हे अ जीवनसत्त्वाच्या जातकुळीतलं औषध आहे, ते छिद्रं बुजू देत नाही. बेन्झॉइल पेरॉक्साइड जिवाणू मारतं. त्याबरोबर साधं मॉइश्चरायझर आणि दिवसा सनस्क्रीन. डॉक्टरबाई लेकीला म्हणाल्या, "हे बघ बेटा, मटाराच्या दाण्याएवढं घ्यायचं, ते संपूर्ण चेहऱ्याला पुरवायचं. मुरुमावर ठिपका ठेवायचा नाही. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड लाव. आणि तीन महिन्यांशिवाय मला 'फरक नाही' असं सांगायला येऊ नकोस."

हे शेवटचं वाक्य सोपं वाटतं, पण सगळी परीक्षा त्यातच आहे. दुसऱ्या आठवड्यात लेकीच्या तोंडाची सालं निघायला लागली, ओठांच्या कडा जळजळायला लागल्या. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात मुरूम कमी व्हायच्या ऐवजी वाढल्यासारखे दिसले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, बंद कर ते. पोरीचं तोंड भाजलं बघ." मी म्हटलं, "आई, डॉक्टरांनी हे आधीच सांगितलंय, एकदा फोन करून विचारते." फोनवर सांगितलं, दोन दिवस थांबा, मॉइश्चरायझर आधी लावा आणि मग त्यावर औषध, पुन्हा एक दिवसाआड करा. तसं केलं. जळजळ कमी झाली. आठव्या आठवड्यात नवीन मुरूम येणं कमी झालं आणि तीन महिने होता होता चेहरा बराच निवळला. डाग जायला आणखी वेळ लागला. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेवर मुरुमाचा डाग काही महिने राहतोच.

घरातल्या बारीकसारीक गोष्टीही सांगून ठेवते, कारण त्या चिठ्ठीवर लिहिलेल्या नसतात. बेन्झॉइल पेरॉक्साइड रंगीत कापडाचा रंग उडवतं. आमच्या मरून टॉवेलवर पांढरे पट्टे पडले, तेव्हा उशीचा अभ्रा आणि टॉवेल पांढराच ठेवा. अ‍ॅडॅपलीन चालू असताना चेहऱ्यावर वॅक्सिंग करू नका, कातडी सोलते. आणि लग्न झालेल्या मुलींनी हे नीट लक्षात ठेवावं की अ‍ॅडॅपलीन, ट्रेटिनॉइन ही औषधं गरोदरपणात वापरायची नसतात. दिवस राहिले असतील किंवा तसा विचार असेल, तर डॉक्टरांना आधी सांगा.

आता दुसरी मुलगी. नणंदेच्या मुलीचं त्याच सुमारास लग्न ठरत होतं. तिला मुरूम थोडेच होते, डाग मात्र होते. बायोडेटासाठी फोटो काढायचा होता. ओळखीतल्या एका काकूंनी मोठ्या प्रेमाने एक ट्यूब दिली. आठ दिवसांत चेहरा इतका स्वच्छ आणि उजळ झाला की घरात सगळ्यांना नवल वाटलं. फोटो छान आला. ट्यूब संपली की नवी आणायची, कुणी चिठ्ठी मागायचं नाही. असे पाच महिने गेले.

मग एकदा आठवडाभर ट्यूब लावायची राहिली आणि तिचं तोंड लालबुंद झालं. उन्हात, स्वयंपाकघरात शेगडीपुढे उभं राहिलं की आग व्हायची. गालांवर बारीक लव वाढली, लाल शिरा दिसायला लागल्या आणि पूर्वी कधी नव्हते इतके मुरूम उठले. ट्यूब पुन्हा लावली की दोन दिवस बरं, मग पुन्हा तेच. डॉक्टरांनी ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचली आणि सांगितलं, यात स्टिरॉइड आहे.

स्टिरॉइड हे वाईट औषध नाही. इसब, सोरायसिससारख्या आजारांत डॉक्टर ते मोजून-मापून देतात आणि रुग्णाला आराम पडतो. पण ते चेहऱ्यावर महिनोन् महिने लावलं तर काय होतं? सूज झपाट्याने उतरते आणि त्वचेतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून चेहरा उजळ दिसतो. ती जादू आपल्याला आठ दिवसांत दिसते. आतून मात्र कातडी पातळ होत असते आणि औषध थांबवलं की आकसलेल्या वाहिन्या फुलून आग होते. मग मुलीला वाटतं, ट्यूब सोडल्यामुळे त्रास झाला, आणि ती पुन्हा ट्यूबकडे जाते. व्यसनासारखंच हे चक्र आहे. आपल्या देशातल्या डॉक्टरांनी अशा चेहऱ्याला वेगळं नावच दिलं आहे, स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा.

दोन्ही मुलींच्या अनुभवातला फरक बघा. खऱ्या औषधाने पहिला महिना चेहरा वाईट दिसला आणि तिसऱ्या महिन्यात सुधारला. चुकीच्या ट्यूबने पहिल्या आठवड्यात चेहरा चमकला आणि सहाव्या महिन्यात बिघडला. आता सांगा, ग्रुपवर फोटो कुठल्या ट्यूबचा फिरणार? जी आठ दिवसांत चमकवते तिचाच. सालं काढणाऱ्या ट्यूबची शिफारस कुणीच कुणाला करत नाही. म्हणून माझं म्हणणं आहे की 'हिला फरक पडला' ही औषधाची परीक्षा होऊ शकत नाही. आपल्या सांगोवांगीतून नेमकी घातक ट्यूबच पुढे सरकते.

हा एका घरापुरता प्रश्न नाही. देशभरातल्या १२ त्वचारोग केंद्रांनी चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ रुग्णांची पाहणी केली होती, ती २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यातले ४३३ जण चेहऱ्यावर स्टिरॉइड लावत होते, म्हणजे साधारण सात जणांत एक. त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांना ते डॉक्टरांनी सांगितलेलंच नव्हतं. आणि त्यांना झालेल्या त्रासात सगळ्यात जास्त दिसलेला त्रास होता मुरुमांचाच! ज्यासाठी ट्यूब लावली, तेच वाढलं.

आपल्या महाराष्ट्रातली अकोल्याची बातमी तुमच्यापैकी काहींनी २०२३ मध्ये वाचली असेल. तिथल्या एका तरुणीने पार्लरमधून गोरं करणारी क्रीम आणली. चेहरा उजळला, सगळ्यांनी कौतुक केलं, म्हणून तीच क्रीम तिची आई आणि बहीणही लावू लागल्या. काही महिन्यांत तिघींनाही मूत्रपिंडाचा आजार झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीमची तपासणी झाली, तेव्हा तिच्यात पाऱ्याचं प्रचंड प्रमाण आढळलं. आपल्या देशातल्या नियमाप्रमाणे चेहऱ्याच्या सौंदर्यप्रसाधनात पारा घालायलाच बंदी आहे, नकळत आला तरी दहा लाख भागांत एका भागापेक्षा जास्त चालत नाही. ही गोष्ट वाचून माझ्या मनात राहिलं ते एकच: घरातल्या तिघी, एक डबी. शिक्षण कमी पडलं असं म्हणावं तर ती मुलगी विज्ञानाचीच विद्यार्थिनी होती. घात झाला तो विश्वासाने डबी वाटून घेण्यात.

सरकारने काहीच केलं नाही असंही नाही. त्वचेवर लावायच्या बऱ्याच औषधांना पूर्वी चिठ्ठीच्या नियमातून सूट होती. मार्च २०१८ मध्ये अशा १४ स्टिरॉइडांची ती सूट काढून घेतली गेली आणि ती चिठ्ठीशिवाय विकायला मनाई झाली. पण नियम कागदावर असतो आणि काउंटरवर आपण उभ्या असतो. दुकानदाराने चिठ्ठी मागितली तर आपणच म्हणतो, "अहो, रोजचंच आहे, द्या ना." ही वेळ आपण आणायची नाही, एवढं तर आपल्या हातात आहे.

यावर काही मैत्रिणी मला दोन गोष्टी म्हणतात. पहिली, "डॉक्टरांची फी केवढी! शेवटी तेच तर लिहून देणार." फी जास्त आहे हे मला मान्य आहे, सगळ्यांना ती झेपत नाही. पण चिठ्ठीत फक्त औषधाचं नाव नसतं. कुणासाठी, किती, कशाबरोबर, किती दिवस आणि कधी थांबायचं, हे सगळं त्यात असतं. ट्यूब हातोहात दिली की नाव तेवढं पोचतं, बाकी सगळं मागे राहतं. आणि खासगी डॉक्टर परवडत नसतील तर सरकारी दवाखान्यात जायला लाजू नका. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांमध्ये १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत केलेले आहेत. रांग असते, अर्धा दिवस जातो, पण लेकीच्या तोंडासाठी अर्धा दिवस फार नाही.

दुसरी गोष्ट, "परदेशात तर ही औषधं सरळ दुकानात मिळतात." खरं आहे. अमेरिकेत ०.१ टक्के अ‍ॅडॅपलीन २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं. पण तिथे त्या ट्यूबमध्ये फक्त अ‍ॅडॅपलीनच असतं. आपल्याकडे त्याच कपाटात, तसल्याच रंगीत खोक्यात, स्टिरॉइड, जंतुनाशक आणि बुरशीनाशक एकत्र केलेल्या ट्यूबा शेजारी-शेजारी असतात. फोटो बघून आणताना एक शब्द इकडचा तिकडे झाला की वस्तू बदलते.

आता थोडं आपल्या धर्माच्या बाजूने. मला एकीने सुचवलं की मुलीला नऊ दिवसांची ओळी करायला लावा, तेल-तूप, दूध-दही, साखर-गूळ सगळं बंद, चेहरा आपोआप साफ होईल. गोड आणि दूध कमी केल्याने काहींचे मुरूम कमी होतात, हे डॉक्टरही मानतात. पण मैत्रिणींनो, आयंबिल आपण कर्मनिर्जरेसाठी करतो. रंग उजळावा म्हणून केलेलं तप हे तप राहत नाही, आणि नऊ दिवसांत मुरूम गेले नाहीत तर मुलीची श्रद्धा मात्र डळमळते. तिला भाव असेल तर तिने ओळी जरूर करावी, आणि औषध औषधाच्या जागी चालू ठेवावं. लेकीने पर्युषणात पौषध केला, त्यात शरीरसत्काराचा त्याग असतो, म्हणून त्या दिवशी आणि रात्री ट्यूब बाजूला ठेवली. डॉक्टरबाईंना आधी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, एक रात्र चुकल्याने काही बिघडत नाही, फक्त दुसऱ्या दिवशी दुप्पट लावायचं नाही. विचारलं की मार्ग निघतो.

साध्वीजी आठ मद सांगतात, त्यात एक रूपाचा मद आहे. आपण तो ऐकतो आणि सुंदर मुलींना लागू करतो. मला वाटतं तो आधी बघणाऱ्यांना लागू आहे. लग्नाच्या मांडवात भेटलेल्या मुलीला "अगं, तोंडाला काय झालं?" असं विचारणाऱ्या आपणच असतो. बायोडेटात 'गोरी' हा शब्द शोधणाऱ्याही आपणच. मुलगी ट्यूबकडे वळते ती या प्रश्नांना घाबरून. नणंदेच्या मुलीला त्या काकूंनी ट्यूब दिली ती दुष्टपणाने नव्हे, फोटो चांगला यावा आणि स्थळ हातचं जाऊ नये, या काळजीनेच. त्या मुलीचं तोंड सावरायला जवळजवळ वर्ष लागलं. त्या वर्षात ती एकाही लग्नाला गेली नाही. मुरुमाचा डाग सहा महिन्यांत गेला असता. हे वर्ष तिचं कोण भरून देणार?

म्हणून आपल्या महिला मंडळांसमोर मी एक साधी सूचना ठेवते. ग्रुपवर पाककृती येऊ देत, स्तवनं येऊ देत, औषधाच्या ट्यूबचा फोटो आला की अ‍ॅडमिनताईंनी तो काढून टाकावा आणि रागावू नये, रागावू देऊ नये. आणि आज संध्याकाळी घरातली ट्यूब हातात घेऊन चार प्रश्न विचारा. ही कुणी लिहून दिली? कुणाच्या नावाने लिहून दिली? तिच्यात काय आहे? आणि ती कधी थांबवायची आहे? डाव्या कोपऱ्यात आरएक्सची खूण आणि चिठ्ठीशिवाय विकू नये असा इशारा असेल, तर ते औषध आहे, प्रसाधन नव्हे. घटकांमध्ये बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांतलं एखादं नाव असेल आणि ती डॉक्टरांनी चेहऱ्यासाठी दिलेली नसेल, तर ती घेऊन डॉक्टरांकडे जा. बरेच दिवस लावत असाल तर एकदम फेकूनही देऊ नका. कशी सोडायची ते त्याच सांगतील, कारण एकदम सोडल्यावर होणारी आग सहन न होऊन मुली पुन्हा तिच्याकडे वळतात.

डबीवर नाव नसेल, कागद नसेल, घटक लिहिलेले नसतील, तर तिथे चार प्रश्नही विचारायची गरज नाही. ती घरात नकोच.

आणि पुढच्या लग्नात मुरूम आलेली एखादी मुलगी दिसली, तर तिला अभ्यासाचं विचारा, पाठशाळेचं विचारा, नाहीतर नुसतं ताटात काय वाढू ते विचारा. तोंडाचं तिला माहीत आहे.

जय जिनेंद्र.